पंचवीस हंगाम, शून्य नोकरी

मंदी आली की सरकार कामगाराला एकच प्रश्न विचारते : तुमची नोकरी किती वर्षांची? ज्याच्याकडे याचे उत्तर कागदावर असते, त्याचा बेकारी भत्ता वाढतो, मुदत लांबते, अटी सैल होतात. ज्याच्याकडे कागद नसतो त्याला सरकार ओळखतच नाही. युसूफ वडगाव आणि केज तालुक्यातल्या आसपासच्या वस्त्यांत आम्हाला अशी माणसे रोज भेटतात, ज्यांनी पंचवीस-तीस हंगाम ऊस तोडला आहे. मिसरूड फुटायच्या आत आईबापाबरोबर कोपीवर गेले, आज त्यांची नातवंडे कोपीवर आहेत. कायद्याच्या हिशेबात या माणसांची नोकरी शून्य दिवसांची आहे. हे शून्य आपोआप पडलेले नाही, ते लिहिले गेले आहे. ते कुणी, कधी आणि कोणत्या शब्दांत लिहिले, हे आंबेडकरी कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे.

आधी जवळचा इतिहास पाहू. १ एप्रिल २००५ पासून केंद्र सरकारने कर्मचारी राज्य विमा महामंडळामार्फत राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू केली. कारखाना बंद पडला किंवा कामगार कपात झाली, आणि त्या कामगाराने किमान पाच वर्षे विम्याची वर्गणी भरलेली असली, तर त्याला निम्म्या पगाराइतका भत्ता सहा महिने मिळायचा. मग २००८ ची जागतिक मंदी आली. अमेरिकेत बँका बुडाल्या, आपल्याकडे कापड, हिरे, वाहनांचे सुटे भाग अशा उद्योगांत हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. २००९ मध्ये सरकारने या भत्त्याची मुदत सहा महिन्यांवरून एक वर्ष केली. नंतर २०१८ मध्ये अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात सरासरी कमाईच्या २५ टक्के भत्ता ९० दिवसांपर्यंत. २०२० च्या टाळेबंदीत तो ५० टक्के केला आणि वर्गणीची अटही सैल केली.

म्हणजे मंदीत भत्ता वाढवता येतो. सरकारला ते जमते, पैसा सापडतो, नियम एका अधिसूचनेत बदलतात. जे लोक म्हणतात की भारतासारख्या गरीब देशात बेकारी भत्ता ही चैन आहे, त्यांनी हे दोन दाखले लक्षात ठेवावेत.

आता त्याच २०२० चे दुसरे चित्र. मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा बीड, जालना, परभणी, अहमदनगरकडचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांत अडकले. ३८ साखर कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत अंदाजे १ लाख ३१ हजार कामगार आहेत, असा आकडा खुद्द सरकारनेच दिला होता. १७ एप्रिलला त्यांना घरी परतायची परवानगी मिळाली. परवानगी मिळाली, भत्ता नाही. हे लोक गावी आले तेव्हा अंगावर उचल बाकी होती, हाताला काम नव्हते आणि पुढचा हंगाम सहा महिने लांब होता. त्यांच्यातल्या एकालाही कुणी विचारले नाही की तुमची नोकरी किती वर्षांची.

का विचारले नाही, याचे कायदेशीर उत्तर कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ मध्ये आहे. तो कायदा 'हंगामी कारखान्यांना' लागू नव्हता, असे त्यातच लिहिले होते. आणि हंगामी कारखाना कोणता, याच्या व्याख्येत सरकी काढणे, कापूस दाबणे, भुईमूग फोडणे, चहा, कॉफी, रबर, लाख आणि नीळ यांच्या रांगेत साखर आणि गूळ बसवलेले आहेत. म्हणजे ऊसतोड्या फाटकाबाहेरचा म्हणून वगळला आणि कारखानाच हंगामी म्हणून वगळला. दोन कुंपणे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली तेव्हा वाटले होते की निदान हे जुने कुंपण तरी काढतील. तिच्यातही 'हंगामी कारखाना वगळून' हे शब्द जसेच्या तसे आहेत.

हे कुंपण कधी पडले ते समजून घ्यायला बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाकडे जावे लागते. जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. १४ एप्रिलच्या बॅनरवर या चार वर्षांना जागा क्वचित मिळते. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदेला त्यांच्या काळात कायमचे रूप आले, रोजगार विनिमय केंद्रे सुरू झाली, कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच खात्यात तयार झाली. १९४३ च्या मार्चमध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा अहवाल आला. आजच्या राज्य विम्याचा पाया तो अहवाल आहे.

अदारकरांनी सुरुवात मर्यादित ठेवली होती. कापड, अभियांत्रिकी, खनिज-धातू अशा उद्योगांतल्या बारमाही कारखान्यांपासून आरंभ करावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या दोन तज्ज्ञांनी ती योजना तपासून सगळ्या बारमाही कारखान्यांना लावावी असे सुचवले. उद्योग वाढले, पण 'बारमाही' हा शब्द राहिला. युद्धाच्या धामधुमीत, नोंदणीची कसलीच यंत्रणा नसताना, पहिले पाऊल म्हणून तो शब्द समजण्यासारखा होता. १९४६ च्या मध्यावर बाबासाहेब त्या खात्यातून बाहेर पडले. पाहणी करायला, विस्तार करायला त्यांना वेळच मिळाला नाही. मात्र ज्यांना पुढची पाऊणशे वर्षे मिळाली, त्यांनी पहिल्या पावलालाच मुक्काम केले.

त्याच काळातली बाबासाहेबांच्या खात्याची दुसरी एक गोष्ट ऊसतोडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर कर बसवायचा आणि तो पैसा खाण कामगारांच्या घरांवर, पाण्यावर, औषधपाण्यावर खर्च करायचा. खाणीतला मजूर कुणाच्या हाताखालचा, ठेकेदाराचा की कंपनीचा, कायम की हंगामी, हा वाद बाजूला ठेवून माल निघाला की निधी जमा, अशी ती रचना होती. मालावर कर बसला की मालक हात झटकू शकत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण पुढे ते लागणार आहे.

स्वातंत्र्यानंतर पहिला मोठा प्रश्न १९५३ मध्ये आला. कापड गिरण्यांत माल साठून राहिला, मालकांनी पाळ्या बंद करायला घेतल्या. तेव्हा औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. काम नसल्यामुळे बसवून ठेवलेल्या कामगाराला निम्मा पगार, आणि कपात केलेल्याला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. जितकी जुनी सेवा तितकी जास्त भरपाई. दीर्घ सेवेला किंमत असते, हे तत्त्व या देशाच्या कायद्याने तेव्हा मान्य केले. पण 'एक वर्षाची सलग सेवा' म्हणजे काय? वर्षात २४० दिवस काम. उसाचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे संपतो. ऊस फार झाला तर मे उजाडतो. कितीही ओढले तरी १५०-१८० दिवस. दिवसाला बारा-चौदा तास राबा, एक खाडा पडू देऊ नका, तीस वर्षे राबा. २४० कधीच भरत नाहीत. शिवाय बसवून ठेवलेल्या कामगाराच्या भरपाईची कलमे हंगामी आस्थापनांना लागूच नाहीत, असे त्याच प्रकरणाच्या पहिल्या कलमात लिहून ठेवले.

गंमत अशी की पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, कायदा पुन्हा दुरुस्त करून त्यात चहा-कॉफीच्या मळ्यांतल्या कामगारांना आणले गेले. वर्षभरात. तिथे संघटना होत्या, त्यांनी धरून लावले. उसाच्या फडासाठी सत्तर वर्षांत तेवढे झाले नाही.

आता साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत चला. तिथे जे आहे ते कळले की बाहेरच्या वगळण्याचा सगळा देखावा उघडा पडतो. कारखान्यात बॉयलरवर, पॅनवर, फिटर म्हणून, कारकून म्हणून काम करणारे अनेक जण हंगामी असतात. गाळप संपले की त्यांचेही काम थांबते. पण त्यांना बंद काळात पगाराचा काही हिस्सा मिळतो. त्याला रिटेन्शन अलाउन्स म्हणतात. पुढच्या हंगामात हा माणूस पुन्हा आपल्याकडेच यावा म्हणून त्याला राखून ठेवण्याची ही रक्कम. कुशल कामगाराला जास्त टक्के, अकुशलाला कमी. साखर उद्योगासाठी १९५७ मध्ये केंद्रीय वेतन मंडळ बसले, त्याच्या शिफारशींतही तो होता आणि महाराष्ट्रातल्या साखर कामगारांच्या करारांत तो आजही असतो.

म्हणजे हंगामी कामगाराला बिनहंगामात भत्ता द्यायचा, ही कल्पना याच उद्योगात, याच कारखान्यात, याच उसाच्या पैशातून साठ-पासष्ट वर्षे चालू आहे. ती फक्त फाटकापाशी थांबते. उसाचे पोते आत आल्यावर त्याला हात लावणारा हंगामी माणूस राखण्यालायक, आणि तो ऊस बुडख्यातून तोडून, मोळी बांधून, डोक्यावर वाहून गाडीत भरणारा हंगामी माणूस मात्र दरवर्षी नवा. (उसाची पोती नसतात, मोळ्या असतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण कारखान्याच्या हिशेबवहीत ऊस आणि साखर सगळे टनांतच मोजले जाते, माणूस मात्र मोजला जात नाही, म्हणून तसे लिहिले.)

याच धर्तीवर ग्रॅच्युइटी कायदा, १९७२ पाहा. हंगामी आस्थापनेत काम करणाऱ्या आणि वर्षभर कामावर नसणाऱ्या कामगाराला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी, असे तो स्पष्ट म्हणत होता. आस्थापना जितके दिवस चालू होती त्याच्या ७५ टक्के दिवस काम केले की हंगाम पूर्ण धरला जातो. आपल्या कार्यकर्त्यांनी ही तरतूद पाठ करून ठेवावी. कारण 'हंगाम मोजणार कसे?' हा जो प्रश्न अधिकारी तोंडावर फेकतात, त्याचे उत्तर १९७२ पासून कायद्याच्या पुस्तकात आहे. २४० दिवसांऐवजी हंगामाचे ७५ टक्के दिवस. दहा हंगाम म्हणजे दहा वर्षांची सेवा. अडचण मोजण्याची नाही, अडचण ऊसतोड्याला कुणाचा कामगार म्हणायचे याची आहे.

कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी पण त्यांच्यातलाच, कारखान्याचे पैसे फक्त वाटतो. शेतकरी म्हणतो, तोडणीचे पैसे माझ्या बिलातून कापले जातात. वाहतूकदार म्हणतो, टोळी मी आणली. एका माणसाच्या श्रमावर चौघे उभे, पण मालक कुणीच नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न यापूर्वीच सुटला आहे आणि तो सुटला मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत. माथाडी कामगाराचाही मालक एक नव्हता, सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, मजुरीवर लेव्ही व्यापाऱ्याकडून, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा. मालक शोधत बसायची गरजच संपवली. आपल्याच राज्याच्या विधिमंडळाने केलेला कायदा आहे, परदेशातून आणायचा नाही.

परदेशाचे दाखलेही पाहण्यासारखे आहेत, पण आंधळेपणाने नकोत. ब्रिटनमध्ये बेकारी विमा १९११ मध्ये आला, शेतमजुरांना तो मिळायला १९३६ उजाडले. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य काळे लोक नेमके हीच दोन कामे करत होते. बेकारी भत्त्याच्या कायद्यात 'शेती', 'घरकाम', 'हंगामी' असे शब्द जातीचे किंवा वर्णाचे नाव न घेता जातीचे काम करतात, हे आपल्याला नवीन नाही. २००९ च्या मंदीत कॅनडाने दीर्घ सेवेच्या कामगारांना ५ ते २० आठवडे जादा भत्ता दिला. पण अट अशी की मागच्या पाच वर्षांत ३५ आठवड्यांहून अधिक भत्ता घेतलेला नसावा. जो दरवर्षी हंगाम संपल्यावर काही आठवडे भत्ता घेतो, तो हंगामी कामगार तिथेही बाहेर फेकला गेला. मात्र त्याच कॅनडात मासेमारांना १९५७ पासून बेकारी विमा आहे, आणि ब्राझील मासे पकडायला बंदी असलेल्या महिन्यांत मच्छीमारांना भत्ता देतो. काम निसर्गाने थांबवले तरी पोट थांबत नाही, एवढी साधी गोष्ट तिथे मान्य झाली आहे.

आपल्या ऊसतोड्याचे पोट बिनहंगामात कोण भरतो? उचल. हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून थोडे थांबून लिहितो. जून ते सप्टेंबर हे चार महिने बीड जिल्ह्यात कोरडवाहू माणसाला सर्वांत अवघड. पेरणीचे पैसे, पोरांच्या शाळा, एखादे लग्न मागे पडलेले, एखादे आजारपण. याच महिन्यांत मुकादम उचल घेऊन दारात येतो. ती घेतली की पुढचा हंगाम विकला गेला. भाव काय, खाडा किती कापणार, कोणत्या कारखान्याला जायचे, आजारी पडले तर काय, यातले काहीही विचारायचा अधिकार उचलीच्या पहिल्या नोटेबरोबर संपतो. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षी, आणि बाकी आहे म्हणून पुढच्या वर्षी जाणे भाग. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात आगाऊ रकमेपोटी श्रम बांधून घेण्याचे जे वर्णन आहे, ते वाचून पाहा.

बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये १९४७ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला आहे. ज्याला काम नाही त्याच्यासमोर एखादी नोकरी ठेवा, पगार ठरलेला नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटनेचा हक्क नाही, आणि मग त्याला विचारा की मूलभूत हक्क पाहिजेत की नोकरी. उपाशी राहण्याची भीती माणसाला स्वतःचे हक्क स्वतःच्या हाताने सोडून द्यायला लावते, म्हणून आर्थिक जीवनाची रचनाही घटनेतच ठरवली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बेकारी भत्त्याचा सर्वांत मोठा उपयोग पोट भरण्यापुरता नाही. जून ते सप्टेंबर हातात स्वतःचे चार पैसे असले तर माणूस मुकादमाला 'थांब, विचार करून सांगतो' म्हणू शकतो. साखरसम्राटांना नेमके हे एक वाक्य नको आहे.

'उचल हीच आमची मदत, व्याजही घेत नाही' असे कारखानदार भाषणात सांगतात. कर्जाला भत्ता म्हणायची ही चलाखी आहे. भत्ता कमावलेला असतो, झालेल्या कामापोटी मिळतो. उचल पुढच्या कामाला गहाण टाकून मिळते. एक मागच्या सेवेचा मान ठेवते, दुसरी पुढची मान अडकवते.

इथे गावगाड्याची आठवण येणे साहजिक आहे. महार वतनात पिढ्यान्‌पिढ्या सरकारची आणि गावाची सेवा होती. तिला कामाचे तास नव्हते, ठरलेला पगार नव्हता, बलुते गावाच्या मर्जीवर. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा मागणी हीच होती की काम ठरवा, पगार ठरवा आणि तो नियमित द्या. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे ते विधेयक इकडे लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. इथे वेठबिगार तशीच चालू राहिली. दीर्घ सेवा आणि शून्य हक्क ही जोडी या मातीत फार जुनी आहे. फरक एवढाच की तेव्हा ती एका जातीवर होती. आज फडात बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी, बंजारा, धनगर आहेत, कोरडवाहू मराठाही आहे. म्हणून हा प्रश्न कुणा एका समाजाचा म्हणून मांडला तर हरेल. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला होता. जिथे मजुराचा प्रश्न होता तिथे बाबासाहेबांनी जातीबाहेरच्या मजुरालाही सोबत घेतले. आणि त्याच बाबासाहेबांनी गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना का घेत नाही, हेही संपाच्या पुढाऱ्यांना तोंडावर विचारले होते. दोन्ही एकाच वेळी करायचे असते.

स्त्रियांचा हिशेब तर आणखी वेगळा. फडात माणूस मोजतच नाहीत, कोयता मोजतात, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांची मजुरी एक, उचल एक, सही नवऱ्याची. पुरुषाची नोकरी शून्य धरली जात असेल तर बाईची त्या शून्याचाही अर्धा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. शासनाने केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्या चर्चेत पुन्हा पुन्हा पुढे आले. आजारपणाची भरपाई, रजा, विमा हे सगळे जिथे 'हंगामी' या एका शब्दाने काढून घेतले आहे, तिथे शरीरातून अवयव काढणे स्वस्त पडते. म्हणून कोणतीही नोंदणी झाली तर ती कोयत्याची नको. बाईची वेगळी, पुरुषाची वेगळी, बँक खाते वेगळे.

रोजगार हमीचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव अशा कामांवर एका टप्प्यावर जवळपास ५० लाख माणसे होती. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागितल्यापासून १५ दिवसांत काम दिले नाही तर दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता. शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराला काम, ही कल्पना आजही मोठी वाटते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने भत्ता वाढवला : पहिले ३० दिवस मजुरीच्या एक चतुर्थांश, त्यानंतर निम्मा. कागदावर उत्तम. पण काम मागितल्याची तारखेसह पोच हातात नसेल तर भत्ता नाही, आणि पोच मागितली की कार्यालयात साहेब जागेवर नसतात. त्यापलीकडे एक मूळ फरक आहे. रोजगार हमी सगळ्यांना सारखी असते, पहिल्या वर्षीच्या मजुराला आणि तिसाव्या वर्षीच्या मजुराला. पंचावन्न वर्षांच्या, कंबर गेलेल्या माणसाला 'काम माग, खड्डा खण' म्हणणे हा त्याच्या तीस हंगामांचा हिशेब नव्हे.

मग पैसा कुठून? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांकडून आणि तेवढेच शासनाकडून, असा निर्णय झालेला आहे. कोळसा निधीची १९४४ ची रचनाच उसात आली, हे चांगले झाले. आता हिशेब करू. ऊस चांगला झाला की राज्यात १० कोटी टनांहून अधिक गाळप होते. १० कोटी टनांवर १० रुपये म्हणजे १०० कोटी, शासनाचे धरून २००. कामगार १० लाख धरले तर माणशी वर्षाला २००० रुपये. यात विमा, वसतिगृहे, आरोग्य सगळे बसवायचे. बेकारी भत्त्याला यात जागाच नाही.

आता समजा, दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली आणि विमाधारक कामगाराला जो किमान दर मिळाला, २५ टक्के आणि ९० दिवस, तोच लावला. माणशी ९००० रुपये. दहा लाख कामगारांना ९०० कोटी. टनामागे ९० रुपये. एका टन उसातून साधारण १०० किलो साखर निघते, म्हणजे किलोमागे ९० पैसे. निम्मे शासनाने उचलले तर ४५ पैसे. आणि दहा हंगाम पुरे केलेल्यांनाच भत्ता द्यायचा ठरवले तर त्याहूनही कमी. चहाच्या कपात हे जाणवणारही नाही. बाकी मंदीच्या वर्षाचे. २०१८-१९ मध्ये राज्यात सुमारे १०७ लाख टन साखर झाली, पुढच्या हंगामात दुष्काळ आणि महापुरानंतर ती सुमारे ६२ लाख टनांवर आली. ज्या वर्षी ऊस कमी, त्या वर्षी निधी कमी आणि बेकारी जास्त. म्हणून चांगल्या वर्षांत जमा करून वाईट वर्षी मुदत वाढवायची. राज्य विम्याचा पैसा नेमका असाच साठला आणि असाच २००९ ला आणि २०२० ला वापरला गेला. शिवाय ऊसतोडणी यंत्रांना सरकार लाखो रुपयांचे अनुदान देते आहे. यंत्राला अनुदान आणि यंत्राने उठवलेल्या माणसाला काहीच नाही, हे धोरण कोणत्या तोंडाने चालवता?

'भत्ता दिला तर तोडीला कोण येईल?' हा प्रश्न आम्हाला बैठकांत हमखास विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा भले लोक असतात. रोजगार हमी आली तेव्हाही मोठे बागायतदार असेच म्हणत होते. त्यावर आमचे एकच विचारणे आहे : रिटेन्शन अलाउन्स मिळतो म्हणून कोणत्या कारखान्याचा फिटर पुढच्या हंगामाला आला नाही? तो भत्ता तर माणूस परत यावा म्हणूनच देतात.

राहिला पुरावा. हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, मग पंचवीस हंगाम सिद्ध कसे करायचे? २०२१ पासून ग्रामसेवकांनी ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचे आहे. त्या ओळखपत्रावर हंगामांचा रकाना हवा, आणि तो नसेल तर ग्रामसभेच्या ठरावाने जोडायची मागणी करायची. आपल्या वस्तीत उचलीच्या चिठ्ठ्या, वजनाच्या पावत्या, कारखान्याचे नाव असलेले कोणतेही कागद असतील ते एका पिशवीत जमा करायला आजच लावा. आणि एक पुरावा असा आहे जो सरकारला नाकारता येणार नाही, कारण तो सरकारनेच तयार केलेला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत दर हंगामाला हंगामी वसतिगृहे चालतात. आईबाप तोडीला गेले म्हणून मागे राहिलेल्या मुलांच्या याद्या तिथे वर्षानुवर्षे होतात, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी. मुलाच्या नावापुढे आईबाप कोणत्या वर्षी स्थलांतरित होते, ते त्या यादीवरून निघते. युसूफ वडगावपासून सुरुवात करून केज तालुक्यातल्या शाळांकडे माहिती अधिकारात या याद्यांच्या प्रती आम्ही मागणार आहोत. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूरच्या साथींनी आपापल्या तालुक्यात हेच अर्ज दिवाळीआधी टाकावेत, कारण दिवाळीनंतर सह्या करायला गावात माणसे नसतील.